कालनिर्णयावरचे तास

शपथेला उभे राहिल्यावर मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "गीता कुठाय?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण दुभाष्याला स्वतःचं उत्तर देता येत नाही. मी तो प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत न्यायाधीशांना ऐकवला. ते म्हणाले की इथे ग्रंथ लागत नाही, उजवा हात वर केला आणि खरं बोलेन म्हटलं की पुरे. मामांनी हात वर केला, पण पायातल्या चपला काढूनच.

त्यांना मी मामा म्हणते आहे, कारण प्रतिवादी त्यांचा सख्खा भाचा होता. माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. दक्षिण कॅरोलायनात भाच्याचं मोटेल. खोल्या साफ करणाऱ्या बायका आठवड्याला साठ-साठ तास राबायच्या आणि पगार मिळायचा 40 तासांचा. 1938 च्या कायद्याने 40 च्या वरच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी द्यावी लागते. कामगार खात्याने दावा लावला. सरकारी दाव्यात दुभाषी न्यायालय आणतं, म्हणून मी शार्लटहून पहाटे निघून चार्ल्स्टनला पोचले होते. इथे मराठीसाठी संघीय प्रमाणपत्राची परीक्षाच नाही. प्रत्येक वेळी आपली पात्रता सांगायची आणि अचूक भाषांतराची शपथ घ्यायची. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, 'ते म्हणतात' नाही. स्वतःविषयी काही सांगायचं झालं तर मात्र 'दुभाषी' असं तिसऱ्या पुरुषात.

पुरावा म्हणून पुढे आलं ते कालनिर्णय. घराघरात त्या चौकोनांत दुधाचा नि पेपरचा हिशोब लिहितात, तसे मामांनी बायकांचे तास लिहिले होते. 'रो 11, मा 10, पाय सुजला, लवकर गेली.' संकष्टीच्या चंद्राखाली 'सगळ्या 12'. मला ते पान पान वाचून इंग्रजीत सांगायचं होतं. चाळीसेक मिनिटं मी नुसती वाचत होते, आणि मागच्या बाकावर बसलेल्या त्या बायका आपापल्या अक्षरावर मान हलवत होत्या. 'लवकर गेली' वाचलं तेव्हा एकीने खाली पायाकडे पाहिलं.

भाच्याने हजेरी ठेवायला सांगितली होती, मामांनी ठेवली. कचेरीतल्या वहीत दुसरेच आकडे चढले, ते मामांना ठाऊक नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी इमारतीशेजारच्या बागेत गेले. तिथे न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांचा पुतळा आहे. वेअरिंग चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातली आठवी पिढी, वडील यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले. 1942 मध्ये रूझवेल्टनी त्यांना नेमलं, तेही स्थानिक पुढाऱ्यांतल्या ऊठबशीच्या जोरावर. हे लपवण्यात अर्थ नाही. पण 1946 मध्ये त्यांच्यासमोर एक खटला आला. आयझॅक वुडर्ड हा काळा जवान लष्करातून सुटून गणवेशातच घरी निघाला होता आणि एका पोलीसप्रमुखाने मारून त्याचे दोन्ही डोळे घालवले. गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासात आरोपीला सोडलं. वेअरिंग त्यातून पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची, उमेदवार ठरवणारी, फक्त गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक मोडीत काढली.

आणि 28 मे 1951 ला याच न्यायालयात ब्रिग्ज खटला उभा राहिला, गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळांविरुद्धचा. क्लॅरेंडन परगण्यातले काळे आईबाप पहाटेपासून रांगेत होते. निकाल दोनास एक असा विरुद्ध गेला. तो 'एक' वेअरिंग. मुलांना वेगळं बसवणं हीच मुळात विषमता, असं त्यांनी लिहिलं. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य तेच म्हटलं. तोवर गावाने वेअरिंगना वाळीत टाकलं होतं, घरावर दगडविटा पडल्या होत्या. 1952 मध्ये निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले. 1968 मध्ये दफन मात्र चार्ल्स्टनलाच झालं.

मला मात्र त्या दिवशी एलायझा ब्रिग्ज आठवत होत्या. दाव्यावर ज्यांचं नाव आहे त्या हॅरी ब्रिग्जची नोकरी पेट्रोलपंपावरची, ती गेली. एलायझा मोटेलात साफसफाई करायच्या, त्यांचीही गेली. मोटेलात. तोंडात असलेला घास मला गिळवेना.

या इमारतीला आधी फ्रिट्झ हॉलिंग्ज या सिनेटरचं नाव होतं. 2015 मध्ये त्यांच्याच विनंतीवरून ते उतरवून वेअरिंगचं लावलं. जिवंतपणी आपल्या नावाची पाटी आपणच उतरवायला सांगणारा राजकारणी मी दुसरा ऐकलेला नाही, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पलीकडच्या बाकावर मामा एकटे डबा उघडून बसले होते. घरचं कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. साक्षीदाराशी खासगीत बोलायची मला मनाई. त्यांनी लांबूनच भाकरीचा तुकडा माझ्याकडे दाखवून 'या' अशी मान हलवली. मी हात जोडले आणि आत गेले. चोवीस वर्षांत मराठी बोलणाऱ्या कुणाला जेवायला एकटं सोडलं नव्हतं मी.

दुपारी उलटतपासणी. वकिलाने विचारलं, कुटुंबाची इज्जत तुम्हाला महत्त्वाची नाही का? मामा म्हणाले, "हाय की. ताईचं नाक कापलं गेलं आज माझ्यामुळं. पण त्या बायांचं तास मी माझ्या हातानं लिवल्यात."

नाक कापलं याचं काय करू? शब्दशः सांगितलं तर मारहाण वाटेल. मी म्हटलं, दुभाषी खुलासा करू इच्छिते, हा वाक्प्रचार आहे, समाजात मान खाली जाणं असा अर्थ. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. त्यांना सगळे 'युवर ऑनर' म्हणतात. मामा दिवसभर 'साहेब' म्हणत होते, आणि दर वेळी माझ्या तोंडून 'युवर ऑनर' जात होतं.

शेवटचा प्रश्न होता, भाच्यावर तुमचा राग आहे, म्हणून हे सांगताय ना?

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या कडेवर वाढलाय त्यो."

मी इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज फुटला असावा, कारण लघुलेखिकेने हात थांबवले आणि नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, म्हणाली. मी पाणी प्यायले आणि पुन्हा सांगितलं: तो माझ्या कडेवर वाढला आहे.