घोडबंदर, मीठबंदर आणि पाणी कुठाय?

अकोल्याचा माझा भाचा मुलाखतीसाठी ठाण्यात आला होता. मुलाखत शुक्रवारीच उरकली आणि परतीची गाडी रविवारी रात्रीची होती. शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी सहज बोलून गेले, "ठाणं म्हणजे हजार वर्षांपूर्वीचं बंदर आहे बरं का." त्यानं बाल्कनीतून खाली पाहिलं. मेट्रोचे खांब, मागे टॉवर, टॉवरांच्या डोक्यावर क्रेन. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काहून मावशी, बंदर म्हणतेस अन् पाणी कुठाय?"

प्रश्न रास्त होता. मी घोडबंदर रोडला राहते. रिक्षावाल्याला, कुरिअरवाल्याला, गॅसवाल्याला दिवसातून दहा वेळा 'घोडबंदर' म्हणून सांगते आणि त्यातलं बंदर मी आजवर पाहिलेलं नव्हतं. पाहुणा आला की आम्ही त्याला तलावपाळीला फिरवतो, उपवनला नेतो, एखादा मॉल दाखवतो. फार तर येऊर. खाडी म्हणजे आम्हाला लोकलमधून कळव्याकडे जाताना येणारा वास. तेवढाच तिचा-आमचा संबंध.

मग ठरलं, या दोन दिवसांत पाणी शोधायचं.

शनिवारी संध्याकाळी घोडबंदर गावातल्या किल्ल्यावर गेलो. हद्द आता मिरा-भाईंदरची लागते, पण नावावर हक्क आमच्या रस्त्याचा. टेकडीवरचा पोर्तुगीज बांधणीचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. वर चढलं की खाली वसईची खाडी अशी काही पसरते की मॉलबिल सगळं विसरायला होतं. इथे अरबस्तानातून घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याबद्दल लिहिताना घोड्यांचा एक मासलेवाईक किस्सा नोंदवलाय. इथल्या राजाचं समुद्रातल्या चाच्यांशी साटंलोटं होतं. लुटीचा सगळा माल चाच्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजाकडे पोचते करावेत. कारण राजाकडे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांवर घोडे भरपूर असत. भाचा हसत सुटला. "म्हणजे पर्सेंटेज होतं!" मी म्हटलं, हो बाबा, ठाण्याची परंपरा जुनी आहे.

रविवारी खऱ्या ठाण्यात शिरलो. मी खरं ठाणं म्हणते ते स्टेशन, तलावपाळी, जांभळी नाका आणि कोर्टनाका एवढंच. बाकीचं सगळं आमच्यासारख्या नंतर आलेल्यांचं.

मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वर सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. आत उतरून पिंडीवर एकदा नजर टाका, एवढी भव्य पिंड सहसा पाहायला मिळत नाही. देवस्थान शिलाहार राजांच्या काळातलं, आत्ताचं देऊळ पेशवाईतलं. शिलाहारांच्या काळी या गावाचं नाव श्रीस्थानक होतं. शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा अरिकेसरी राजाचा ताम्रपट ठाण्यातच पाया खणताना सापडला. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याचं भाषांतर छापलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की हे गाव एकेकाळी उत्तर कोकणची राजधानी होतं.

तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज काळातलं चर्च आहे. आम्ही पोचलो तेव्हा मास सुटत होता. बाहेर फुलवाली आणि फुगेवाला, दोघांनाही गिऱ्हाईक. पण पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधू या गावात मारले गेले, हे मला अगदी अलीकडे कळलं. होर्मुझहून जहाजानं निघाले होते. जायचं होतं केरळात कोल्लमला, वाऱ्यानं आणून टाकलं ठाण्याला. इथे त्यांना एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबानं घरात घेतलं. म्हणजे चौदाव्या शतकात ठाण्यात नेस्टोरियन घरं होती! पुढे गावच्या काजीसमोर धर्मावरून वाद झाला आणि चौघांना जीव गमवावा लागला. मागाहून आलेल्या ओडोरिक नावाच्या साधूनं त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि बरोबर घेऊन तो चीनपर्यंत गेला. वारा फिरला म्हणून माणसं ठाण्याला लागतात, याहून बंदराचा आणखी पुरावा काय द्यायचा?

जांभळी नाक्याचा बाजार ओलांडून आम्ही महागिरीकडे निघालो. कोथिंबिरीच्या जुड्या, सुक्या बोंबलांचा दरवळ, भांड्यांची दुकानं, मध्येच अंगावर येणारी रिक्षा. मराठ्यांच्या आरमारात महागिरी नावाची जहाजं असत. मला त्या मोहल्ल्याच्या नावाची पाटी दिसली की गलबतच आठवतं. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, मावशी, तुला आज सगळीकडे जहाजंच दिसणार.

मग तुरुंग. ठाण्यात जन्म गेलेल्या माणसांनासुद्धा सांगावं लागतं की ठाण्याचा जेल हाच ठाण्याचा किल्ला. आत जाता येत नाही, फोटो काढू देत नाहीत. पण बाहेरच्या रस्त्यानं चालत गेलं की दगडी तट आणि बुरूज नीट दिसतात. तो खाडीच्या अंगाला का बांधला हेही तिथे उभं राहिलं की कळतं. मार्च १७३७ मध्ये मराठे खाडी उतरून आले तेव्हा पोर्तुगीजांचं बांधकाम पुरं व्हायचं होतं. अर्धवट किल्ला आयता हातात पडला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन मारला गेला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या प्रकरणातल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला याच भिंतींच्या आत फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. भाचा बावीसचा आहे. तो काही बोलला नाही, मीही नाही.

पुढे गेल्यावर झाडाच्या सावलीत कटिंग घेतला आणि त्याला दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याची गोष्ट सांगितली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर इंग्रजांनी बाजीरावाकडून त्रिंबकजीला मागून घेतलं आणि इथे डांबलं. कैदी फितवून पळेल या धास्तीनं पहारा सगळा गोऱ्यांचा. देशी शिपाई एकही नाही. तिथल्या एका साहेबाकडे मराठी मोतद्दार होता. तो रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि करता करता गाणं म्हणायचा. झाडीत तिरंदाज दबा धरून बसलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडे आहेत आणि स्वार चोपन्नच, पंचावन्नावा कधी येतो म्हणून वाट बघतायत. पहारेकरी ऐकत होते. चाल आवडली असेल तर मान डोलावतही असतील. सप्टेंबर १८१६ मधल्या एका पावसाळी रात्री पंचावन्नावा स्वार पसार झाला.

ही हकीकत लिहून ठेवली कलकत्त्याच्या बिशप हेबरनं. किल्ल्यापासून फार लांब नसलेलं सेंट जेम्स चर्च आहे, त्याचं विधिपूर्वक उद्घाटन करायला तो १८२५ मध्ये ठाण्यात आला होता. गाणं मराठी, गायलं मराठी माणसानं, ऐकलं मराठी माणसानं, आणि आपल्यापर्यंत पोचलं ते इंग्रजी कवितेतून. पहाऱ्यावर एखादा मराठी समजणारा असता तर पेशवाईच्या शेवटच्या दोन वर्षांचा इतिहास जरा वेगळा लिहावा लागला असता. भाचा म्हणाला, "स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणतात ते उगाच नाही." चहावालाही हसला.

टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलसमोर १८७९ मधलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शार हशामायिम, अर्थ 'स्वर्गाचं दार'. आम्ही बाहेरूनच पाहिलं. आत जायचं तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जावं लागतं आणि तसंच असायला हवं. इथले ज्यू ते बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवारतेली. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून कोकणानं दिलेलं नाव. जहाज फुटून पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते स्वतः सांगतात. आडनावं बघा, पेणकर, किहीमकर, नागावकर. पुन्हा वारा, पुन्हा जहाज.

जेवण उरकून स्टेशनचा पूल ओलांडला आणि पूर्वेला उतरलो. फलाटांवरून जाताना भाच्याला सांगितलं की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून इथे आली. तो म्हणाला, हे तर शाळेत आहे. ते शाळेत आहेच. पण पुढच्याच वर्षी खाडीवर रेल्वेचा पूल झाला आणि गाडी थेट कल्याणला गेली, हे कोणी शिकवत नाही. ठाण्याला होडीत माल चढवण्याउतरवण्याचं कारणच संपत गेलं. आम्ही ठाणेकर पहिल्या गाडीचा अभिमान मिरवतो. बंदराचे बारा त्याच गाडीनं वाजवले.

चेंदणी कोळीवाड्यातून मीठबंदर रोडला लागलो. गल्लीत जाळी वाळत घातलेली, एका ओट्यावर आजी कोलंबी सोलत बसलेल्या. या भागात मिठागरं होती. मीठ होड्यांत भरून जायचं, म्हणून मीठबंदर. बहुतेक ठाणेकर इथे वर्षातून एकदाच येतात, गणपती बुडवायला. आणि पाठ फिरवून घरी जातात.

घाटावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि पाणी नव्हतं! नुसता राखाडी चिखल, त्याच्या कडेला तिवरं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि आडव्या पडलेल्या दोन होड्या. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

एका होडीशी एक म्हातारे कोळीकाका बसले होते. आम्ही काय शोधतोय ते सांगितल्यावर म्हणाले, "आज तिथ कंची?" मला येईना. भाच्यानं मोबाईलवर काढली, षष्ठी. "मंग सा ची पाऊनपट कर." साडेचार. "साडेचारला भरती. हितवर येईस्तवर पानी जरा येल लावतो." समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक काढायला त्यांना तिथी आणि पाऊणकी एवढंच लागतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. इंजिनिअर भाच्यानं तिथल्या तिथे दोन-तीन तिथ्या मोबाईलवर ताडून पाहिल्या आणि गप्प झाला.

"पयले हितशी होरी जायची, माजा बाप न्यायचा," काका सांगत होते. "आता म्हावरा नाय. कारखान्याचा पानी आला नि म्हावरा गेला. निवट्या हायेत तेवऱ्या." त्यांनी बोट दाखवलं. आधी काहीच दिसेना. मग चिखलच हलतोय असं वाटलं. बोटभर लांबीचे मासे, चिखलाच्याच रंगाचे, पुढच्या परांवर रेटत चालत होते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे वर आलेले. एकानं दुसऱ्यावर पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारला, दुसऱ्यानं उडी मारून पळ काढला, आणि दोघांच्या मागे चिखलात रेघा उमटल्या. फोटो काढायला भाचा दोन पायऱ्या खाली उतरला आणि घोट्यापर्यंत रुतला. पाय निघाला, बूट राहिला. मुलाखतीसाठी घेतलेला नवा बूट. काकांनी वल्ह्यानं तो उचकटून काढला आणि म्हणाले, "खारीला काय दिला तं ती लवकर परत देत नाय."

बूट धुवून उन्हात ठेवला आणि बसून राहिलो. दूर चिखलावर गुलाबी ठिपक्यांची रांग दिसत होती, रोहित पक्षी. खाली ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे बोटीतून जवळून दिसतात. इथून ठिपकेच. मला ठिपके पुरले. कोपरी पुलाच्या गाड्यांचा आवाज येत होता, रेल्वे पुलावरून लोकल धडधडत होत्या. त्या लोकलमध्ये बसून मी इतकी वर्षं नाकाला रुमाल लावत आले.

चार वाजून गेल्यावर चिखलातल्या ओहोळात एक रेघ चमकली. पाणी कुठून आलं ते कळलंच नाही. निवट्या एकेक करत वर सरकल्या, काही बिळांत गेल्या. तिवरांची उभी मुळं बुडाली. प्लास्टिकच्या पिशव्या तरंगायला लागल्या, तेही सांगायला हवं. पाच वाजून गेले तेव्हा पाणी घाटाच्या पायरीला लागलं, आणि आडवी पडलेली होडी किंचित कण्हल्यासारखा आवाज करत सरळ झाली.

काका उठले, दोर सोडला, भाच्याला म्हणाले, "येतंस काय? पुलापर्यंत."

भाचा एका पायात ओला बूट आणि एक पाय अनवाणी अशा अवस्थेत होडीत चढला. मी काठावरून ओरडले, "गाडी नऊ वाजताची आहे रे!" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.