शुक्रवार हैदराबाद, शनिवार गोवा

रविवार, रात्री साडेअकरा, पुणे

दुपारी गोव्याहून परतलो. कानात अजून घूं घूं चालू आहे, झोप काही येत नाही.

मी डीजे. शुक्रवारी हैदराबादला साडेअकरा ते एक वाजवलं. खच्चून भरलेला क्लब, नुसतं टेक्नो, म्हणजे वेगवान ठोक्यांचं नाचायचं संगीत. काल गोव्यात उघड्यावरचा कार्यक्रम. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे माझी वेळ संध्याकाळी साडेपाचची. उन्हं उतरत होती, लोक नुकते येत होते. ११८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ११८ ठोक्यांच्या, पुढे गेलोच नाही. दोन वर्षं पेनड्राइव्हमध्ये पडून असलेली हाउसची, म्हणजे टेक्नोहून मवाळ अशा नाचाच्या संगीताची, गाणी काल पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर ऐकली. लोक नाचले, आणि मला भरून आलं.

ही वेळ ताईंनी मागून घेतली होती. ताई म्हणजे माझ्या बुकिंग एजंट. कुठल्या गावात, कुठल्या वारी, किती वाजता हे त्या ठरवतात, आणि तेवढं ठरलं की मी काय वाजवणार हेही बरंचसं ठरून जातं. त्यांचे १५ टक्के मला आता कधीच खुपत नाहीत.

चार वर्षांपूर्वी सगळ्या सुपाऱ्या मीच घ्यायचो. पुण्यातल्या एकाच क्लबमध्ये दर गुरुवारी, आठ हजारांत. ॲडव्हान्स मागायची लाज वाटायची. एकाने बुडवलेले तीस हजार अजून आलेले नाहीत. ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सहा महिने पुण्यात वाजवायचं नाही. मी भडकलो, भाडं कुठून भरू? त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी फुकट ऐकायला मिळतोस, मग शनिवारी तिकीट काढून कोण येईल?" ते सहा महिने फार वाईट गेले. इंदूर, नाशिक, मग बंगळुरूला एका पाहुण्या डीजेच्या आधीचे दोन तास, तेही कमी पैशांत. "हिट गाणी वाजवायची नाहीत, खोली हळूहळू तापव," एवढीच सूचना. हैदराबादचं आमंत्रण त्या दोन तासांमुळे आलं.

नाशिकला साउंडचेकच्या वेळी मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर सरकवला की खरखर यायची. मी तसंच निभावून नेलं असतं. पण करारात मिक्सरचं मॉडेलसुद्धा लिहिलेलं होतं. ताईंनी मॅनेजरला फोनवर घेतलं, चाळीस मिनिटांत दुसरा मिक्सर आला.

बाबांना यातलं सगळं कळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ते गावच्या यात्रा कमिटीत होते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तिथे सुपारी ठरवायला जायचे. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत व्यवस्थापक तारखांची वही उघडून बसलेला. चैत्र पौर्णिमेला अनेक गावांच्या यात्रा, फड मात्र एका रात्री एकाच गावात उभा राहणार, म्हणून त्या तारखेचा भाव चढा. आमच्याकडे ३१ डिसेंबरचं तेच. आजही फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "इसार आला का?" आला होता, निम्मी रक्कम, पोस्टर लागायच्या आधी.

एक गोष्ट मात्र सलते. गेल्या महिन्यात लोणावळ्याच्या एका लग्नाचे दोन लाख ताईंनी मला न विचारता नाकारले. त्यांचं कारण मला पटतं, पण विचारायला हवं होतं. मी तसं सांगितलं. "यापुढे विचारेन," म्हणाल्या.

आणि माझी एक मैत्रीण आहे. तिचा कान माझ्याहून कितीतरी तयार आहे. एका गाण्यातून दुसऱ्यात ती कधी शिरली, ते समोर उभं राहूनही कळत नाही. तिला एजंट नाही. मी सोडलेला तोच गुरुवार ती आता वाजवते, तेवढ्याच पैशांत. मोठं नाव हवं असलेल्या आयोजकाला एजंट त्याच्या जोडीला एखादं नवं नावही घ्यायला लावतो, माझी दोन कामं अशीच झाली. तिच्यासाठी तो शब्द टाकणारं कोणी नाही.

तिने पाठवलेला तासाभराचा सेट विमानात दोनदा ऐकला. उद्या अकराला ताईंचा फोन येईल. ३१ डिसेंबरचं नंतर बोलू, आधी तो सेट त्यांना ऐकवायचा.