आजीच्या पोटातले पाणी

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज सकाळी जनुकीय तपासणीसाठी रक्त देऊन आले. जांभळ्या झाकणाची एक लहानशी नळी, तिच्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी, आणि ती भरताच परिचारिकेने दोन्ही बोटांत धरून हलकेच उलटसुलट केली. साधारण तीन आठवड्यांनी रिपोर्ट येईल.

आमची आजी १९८७ साली गेली. 'पोटात पाणी होऊन गेली' एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाणी कशाने झाले, हे कोणी विचारले नाही. पुढे मावशी पंचेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हाही या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही. गेल्या वर्षी आईचेही पोट फुगू लागले, पाणी काढून तपासले आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. त्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी करावी असे आता डॉक्टर मानतात, कारण पुढची औषधेही त्यावर ठरतात. म्हणून आईची तपासणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला.

हे जनुक मुळात आपले रक्षण करणारे आहे. पेशीतला डीएनए तुटला तर तो नीट सांधण्याचे काम ते करते, आणि तेच बिघडलेले असेल तर वर्षानुवर्षे चुका साठत जातात. स्तनाच्या कॅन्सरचा हा आनुवंशिक धागा सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले आणि प्रत्यक्ष जनुक सापडले ते १९९४ मध्ये. आजीच्या वेळी तिला नेमके काही सांगू शकेल असा माणूस जगातच नव्हता, हे कळल्यावर माझा घरच्यांवरचा राग बराच निवळला.

तपासणीआधी सगळे समजावून सांगणाऱ्या समुपदेशक बाईंनी आमच्या घराण्याचा आराखडा कागदावर काढला होता. बायकांसाठी वर्तुळ, पुरुषांसाठी चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ आणि कॅन्सर झालेल्यांचे वर्तुळ पेनाने गिरवून काळे केलेले. आजी, मावशी, आई अशी तीन काळी वर्तुळे आणि त्यांच्या शेजारी मामाचा रिकामा चौकोन. माझ्या वर्तुळापाशी त्यांनी 'निम्मी शक्यता' असे लिहिले. आईचा दोष नेमका कुठे आहे ते ठाऊक असल्यामुळे माझ्या रक्तात तेवढीच जागा पाहायची आहे आणि उत्तर हो किंवा नाही असे स्पष्ट येईल. हो आले, तर स्तनाच्या कॅन्सरची आयुष्यभरातली शक्यता साठ टक्क्यांच्या वर आणि अंडाशयाच्या कॅन्सरची चाळीस ते साठ टक्क्यांच्या आसपास. स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करत लक्ष ठेवता येते. अंडाशयाचा कॅन्सर मात्र वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. मी अडतीस वर्षांची आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिने स्वतः ठरवले तरच करायची, असे त्या बाईंनी बजावून सांगितले आणि ते मला मनापासून पटले.

माझ्यापेक्षाही आज मनात घोळते आहे ती मामाची मुलगी. ती सव्वीस वर्षांची आहे, तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. गेल्या रविवारी मी विषय काढला तेव्हा मामी म्हणाली, "तिचे एकदा लग्न होऊ दे, मग काय ते बघू. मुलाकडच्यांच्या कानावर गेले तर?" मामीची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, तसे घडलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. मामाला वाटत होते की हा बायकांचा आजार, त्याच्याकडे येणारच कसा. खरे तर आजीचा तो दोष त्याच्याकडे येण्याची शक्यता माझ्या आईइतकीच होती, आणि त्याला स्वतःला काही झाले नाही तरी तो मुलीकडे जाऊ शकतो. तपासणी करायची की नाही हे तिचे तिने ठरवावे, पण ठरवण्यासाठी तिला आधी कळले तर पाहिजे. विश्वासाचे माणूस शोधून लग्नाआधी बोलणे मला आजीसारखे अंधारात राहण्यापेक्षा कितीतरी बरे वाटते.

आज संध्याकाळी मामा एकटाच आला. चहा झाल्यावर त्याने तो आराखडा मागितला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "यातला मी कुठला गं?" मी चौकोन दाखवला. त्याच्याखाली एक रेघ तशीच मोकळी सोडलेली होती. त्याने खिशातले पेन काढले, तिथे सावकाश एक वर्तुळ काढले आणि त्यात मुलीचे नाव लिहिले. मग म्हणाला, "आधी माझे रक्त घ्यायला सांग. तिच्याशी मी बोलतो."