तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुजींचा सत्कार कसा करावा?

विदर्भातल्या खेड्यांतून हा प्रश्न नेहमी येतो: "आमच्या गुरुजींनी जन्मभर मोडी कागद, वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड), जुन्या देवळांची माहिती गोळा केली. गावानं त्यांचा सत्कार कसा करावा?"

शाल-श्रीफळ द्याच. पण त्याआधी दोन महिने त्यांच्या ओसरीवर बसा. कोणती शिळा कुणाच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) निघाली, कोणता रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) कोणत्या वाड्यातून आला, हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट आजही ऋद्धपूर या गावाच्या नावानं ओळखला जातो. ठिकाण हरवलं, तर वीरगळाचा नुसता दगड उरतो.

काम दिवाळीनंतर धरा. पावसाळ्यात दमट कागद एकमेकांना चिकटतात, सोडवताना फाटतात; वैशाखात टिनाखाली बसवत नाही.

एका वेळी एकच रुमाल सोडा आणि कागदांचा क्रम मोडू नका. नंबर शिसपेन्सिलीनं, कोपऱ्यात. गंजलेली टाचणी ओढू नका, वाकवून सोडवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत सुटत नाही. फोटो सावलीतल्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. त्याच बैठकीत गुरुजींचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ते नंबरवार वहीत उतरवा.

साल लिहिताना घोळ होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होता, म्हणून महसुली कागदांत फसली सन भेटतो. त्यात ५९० मिळवा. फसली १२५० म्हणजे सुमारे १८४०. आकड्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून मूळ साल जसंच्या तसं आधी लिहा.

शिलालेखाच्या अक्षरांत खडू भरू नका, ही माझी कळकळीची विनंती. भरणाऱ्याला जे अक्षर वाटतं तेच फोटोत उमटतं आणि चुकीचं वाचन पक्कं होतं. अंधार पडल्यावर बॅटरी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. झिजलेली अक्षरंही वर येतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात फासलेल्या ऑइलपेंटनं ती बुजतात.

घरात शंभर वर्षांपुढची दगडी मूर्ती असेल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी करून घ्या. शेतात नाणी किंवा ताम्रपट निघाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे राहून गेलं की पुढे गुरुजींची मुलं अडचणीत येतात.

वहीच्या तीन प्रती बांधून घ्या, मुखपृष्ठावर गुरुजींचं नाव. एक त्यांना, एक गावच्या वाचनालयाला, एक जिल्ह्याच्या ठिकाणी. फोटोंची हार्डडिस्क दुसऱ्या घरी ठेवा, म्हणजे आग-उधईनं कागद आणि फोटो दोन्ही एकदम जाणार नाहीत. पहिली प्रत समारंभाच्या पंधरा दिवस आधीच त्यांच्या हाती द्या. उजवी पानं कोरी सोडा, सोबत पेन्सिल ठेवा. दुरुस्त्या ते स्वतःच करतील.