दुखतं का?

आठवा महिना सरत आलाय, सोनोग्राफीत 'ब्रीच' (म्हणजे बाळाचं डोकं वर, बूड खाली) हा शब्द नुकताच कानावर पडलाय, अशा बायका मला कुठून कुठून गाठतात. कुणाच्या नणंदेकडून, कुणाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून त्यांना कळलेलं असतं की ही बाई पोटातलं बाळ बाहेरून फिरवून घ्यायला गेली होती. इकडचं तिकडचं दोन वाक्यं बोलून होतं आणि मग खरा प्रश्न येतो, "दुखतं का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुखतं. "नुसता दाब जाणवतो" असं सांगणाऱ्यांच्या पोटावर कुणी दोन्ही हातांनी भार दिलेला नसावा. काहींना कमी दुखतं, काहींना बरंच. मी मधल्या गटातली.

खरं तर बाळ उलटं आहे हे मला आधीच कळायला हवं होतं. उचक्या बेंबीच्या वर लागायच्या आणि लाथा खाली, थेट लघवीच्या पिशवीवर. उजव्या बरगडीखाली एक घट्ट गोटा असायचा. मी त्याला कौतुकानं ढुंगण समजून थोपटायची. ते डोकं होतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचातलं एक बाळ असंच डोकं वर करून बसलेलं असतं. बहुतेक पुढे आपली आपण फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात, त्यातलं एक माझं. म्हणून बाहेरून फिरवायची घाई करत नाहीत. पहिलटकरणीला साधारण छत्तिसावा आठवडा, आधी बाळंतपण झालेलीला सदतिसावा. तोवर बाळाला स्वतःहून फिरायची संधी मिळते आणि काही बिघडलंच तर ते बाहेर यायलाही बऱ्यापैकी तयार असतं. मधल्या काळात मी कंबर उंच आणि डोकं खाली असे सगळे प्रकार करून पाहिले. त्यानं बाळ फिरतं याला भक्कम पुरावा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी केले. स्वस्थ बसवत नव्हतं.

यशाचं म्हणाल तर एकूण छापा-काटा. पहिलटकरणीत शंभरातल्या चाळीसेक जणींचं बाळ फिरतं, आधी बाळंत झालेल्यांत साठेक जणींचं. माझी वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला होती, म्हणजे शक्यता आणखी थोडी कमी. वार खाली गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, पाणी गेलं असेल किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल, तर डॉक्टर हात लावत नाहीत.

त्या दिवशी आधी पट्टे बांधून बाळाचे ठोके पाहिले, मग सोनोग्राफी. गर्भपिशवी सैल पडावी म्हणून दंडात एक इंजेक्शन दिलं, आणि माझंच काळीज धडधडायला लागलं. हात इतके थरथरत होते की बाहेर बसलेल्या नवऱ्याला "सुरू होतंय" एवढा मेसेज टाईप होईना. पोटावर गार जेल ओतलं. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा म्हणालात की मी थांबणार. फक्त पोट सैल सोडा."

दुखतं का, यापेक्षा हे 'सैल सोडा' अवघड. त्यांनी बोटं ओटीपोटात, हाडाच्या अगदी वर, खोल घातली आणि बाळाचं बूड वर उचललं. सगळ्यात जास्त दुखतं ते तिथे. दुखलं की पोट आपोआप कडक होतं आणि कडक पोटात बाळ हलत नाही. तोंडानं श्वास सोडत मी छताकडे बघत होते. दुसरा हात डोक्यामागे, आणि पुढच्या कोलांटीच्या दिशेनं हळूहळू रेटा. एकदा मी "थांबा" म्हणाले आणि त्यांनी खरंच हात उचलले. त्या भरवशावर पुढचं सोसता आलं.

मग मान उचलून पाहिलं तर पोट रुंद झालेलं, दोन्ही कुशींत एकेक उंचवटा. बाळ आडवं आलं होतं. आणि बघता बघता सरकन जागेवर परत. मागच्या कोलांटीच्या दिशेनं आणखी एक प्रयत्न झाला, तोही फसला. सगळं मिळून दहा मिनिटंही नसतील.

लक्षात राहिलं ते दुखणं नाही. दुसऱ्या प्रयत्नानंतर ठोक्यांचा आवाज मंदावला. धक धक धकच्या जागी धक... धक... खोलीत कुणी बोलेना. मिनिटभरात ठोके पूर्ववत झाले. असं थोडा वेळ होतं, असं आधी सांगितलेलंही होतं, पण तेव्हा ते कुठलं आठवायला! दोनशेत एखादीला नंतर तातडीनं सिझर करावं लागतं, म्हणून ऑपरेशनची सोय हाताशी असेल तिथेच हे करतात. पोट चोळून बाळ फिरवून देतो म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका, हे मात्र मी न विचारता सांगते. माझा रक्तगट निगेटिव्ह, त्यामुळे बाळाचं रक्त माझ्यात मिसळलं असेल तर माझ्या शरीरानं त्याच्याविरुद्ध उठू नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शनही घ्यावं लागलं. दोन दिवस पोट व्यायाम अंगावर आल्यासारखं ठणकत होतं.

"मग उपयोग काय झाला?" हा दुसरा प्रश्न. त्याचा मला राग येतो, पण उत्तर देते. पुन्हा प्रयत्न करता आला असता, मी नको म्हणाले. पायाळू बाळाचं नॉर्मल बाळंतपण काही ठिकाणी अजून करतात. पण 2000 साली एका मोठ्या चाचणीत अशा बाळांना ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित ठरलं, आणि मग बहुतेक ठिकाणी हातच थांबले. "आमच्याकडे तो सराव राहिलेला नाही," असं माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं. एकोणचाळिसाव्या आठवड्यात सिझर झालं. टेबलावर घ्यायच्या आधी त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, न जाणो फिरलं असेल म्हणून. बरगडीखालचा गोटा जागेवरच होता.

पोटात ती पाय सरळ वर, कानांपाशी नेऊन बसली होती. जन्मल्यावरही काही दिवस तिला तसंच बरं वाटायचं. डायपर बदलायला घेतला की दोन्ही पाय टुणकन डोक्याकडे. सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी झाली (शेवटपर्यंत पायाळू राहिलेल्या बाळांची करतातच, बाहेरून फिरवून घेतलेल्यांचीही करायला हवी, विसरू नका), खुबे उत्तम निघाले. तपासणाऱ्या बाईंनी पाय सरळ केले, सोडले, आणि ते परत कानापाशी.