गुरुजींची भिंत

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच आमच्या परभणीच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नालीच्या कडेची ओल सोडत नाही. त्या वेळी जिंतूरहून सुट्टीला आलेला भाचा माझा जुना फोन घेऊन कूलरपुढं फरशीवर पालथा पडलेला असतो, आणि फोनातल्या गल्लीत मात्र चार विरुद्ध चार असा फुटबॉल जोरात चालू असतो.

गेमचं नाव फिफा स्ट्रीट २. मूळ २००६ सालचा. पीएसपी नावाचं हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं, त्याच्यावरचा. आता फोनला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारं ॲप मिळतं. मग काचेवरच चौकोन, त्रिकोण, गोल, फुली उमटतात. दिसतात, पण बोटाला लागत नाहीत. घामेजलेला अंगठा घसरत घसरत एका चिन्हावरून दुसऱ्यावर जातो, आणि पास द्यायचा तिथं आपला गडी भलताच उद्योग करून बसतो.

"मामा, एक म्याच खेळा की."

खेळलो. सहा मिनिटांत शून्य-पाच.

फुटबॉल हे कोल्हापूरकरांचं काम. आमचं लहानपण क्रिकेटात गेलं, तेही आठ फुटांच्या बोळात. पण या गेममध्ये ऑफसाइड नाही, फाऊल नाही, रेफरीची शिट्टी नाही, म्हणून वाटलं होतं की जमेल. समोरच्याला चकवलं की गुण मिळतात आणि एक पट्टी भरत जाते. म्हणजे आपली हूलच ती! आट्यापाट्यात डावीकडं खांदा टाकून उजवीकडून सटकायचो, तेच. फक्त तिथं खांदा लागायचा, इथं अंगठा लागतो.

भाचा मला चकवून गेला की "पन्ना!" म्हणून ओरडायचा. समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला की त्याला पन्ना म्हणतात, हे तो व्हिडिओ बघून शिकला. शब्द आला ॲमस्टरडॅमच्या गल्ल्यांतून, तिथल्या सुरीनामी लोकांच्या बोलीतला, अर्थ फाटक. ओसरीवर पडलेल्या आमच्या आबांना हे कोण सांगणार? त्यांच्या जमान्यात पन्ना मटक्यात लागायचा. दुसऱ्यांदा "पन्ना" ऐकल्यावर ते उठून बसले आणि "पोरगं आकडा लावायलंय का काय?" म्हणून माझ्याकडं बघायला लागले. समजूत घालण्यात माझे दोन गोल गेले.

पण मी हरत होतो ते वेगळ्याच कारणानं. चेंडू भिंतीकडं गेला की माझा अंगठा आपोआप उचलला जायचा. मैदानाच्या फुटबॉलमध्ये चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो. इथं तो भिंतीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. भाचा मुद्दाम भिंतीवर मारायचा, माझ्या गड्याला वळसा घालायचा आणि परत आलेला चेंडू घेऊन पुढं. मी आपला चेंडू सोडून उभा.

"मामा, कामून सोडायलाव? भिंतीवर मारा की! भिंत आपलीच हाय."

आता याला काय सांगायचं. आमच्या बोळातल्या एकेका भिंतीला मालक होता. डावीकडची किराणावाल्याची, तिला लागून आला तर एक टप्पा आऊट. उजवीकडची गुरुजींची. तिला नुसता चेंडू शिवला तरी आऊट. आत गेला तर आऊट, आणि मारणाऱ्यानंच आणायचा. गुरुजी रागवायचे नाहीत, चेंडू कापायचेही नाहीत. मांडीवर घेऊन बसायचे आणि एकोणतिसाचा पाढा म्हणून घ्यायचे. चुकला की पहिल्यापासून. आमच्या पिढीला सरळ बॅटनं खेळता येतं त्याचं श्रेय एकोणतिसाला आहे.

तेवढ्यात फोन तव्यासारखा तापला, पडदा आपोआप अंधारला आणि गडी खुरडत पळायला लागले. आयफोनवाले सांगतात की फोन ० ते ३५ अंशांत वापरावा. आमच्याकडं मे महिन्यात ३५ अंश रात्री जेवणं झाल्यावर कधीतरी येतात. गेम बंद करून फोन माठाच्या बुडाशी ठेवला.

सहाला उन्हं कलली. भाच्यानं प्लॅस्टिकचा फुटबॉल काढला आणि थेट गुरुजींच्या भिंतीवर ठोकला. चुन्याचा एक पोपडा पडला. मी सवयीनं वरच्या खिडकीकडं पाहिलं. चेंडू परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. "बघा मामा, देती की नाही?" तिसरा मात्र वरून आत गेला.

"मामा, तुम्हीच जा. तुमची वळख हाय."

चेंडू मी मारला नव्हता, पण गेलो. आता पोरं गल्लीत फारशी खेळत नाहीत, त्यामुळं ते फाटक बऱ्याच वर्षांत कुणी चेंडूसाठी वाजवलं नसावं. गुरुजी बाजेवर बसले होते. आता ऐंशीच्या पुढं असतील. चेंडू मांडीवर. डोळे बारीक करून त्यांनी मला निरखलं, नाव मात्र विचारलं नाही.

"एकोणतीस सत्ते?"

"दोनशे तीन," मी म्हणालो. फाटकाआड भाचा माठाखालचा ओला फोन काढून ताळा करत होता.

गुरुजींनी चेंडू हलवला नाही.

"अठ्ठे?"