हायवेवरून दिसणारी डाउनटाऊनं

न्यूयॉर्क-शिकागोच्या स्कायलाईनचं, म्हणजे लांबून दिसणाऱ्या उंच बिल्डिंगांच्या रांगेचं, कौतुक करायला अख्खं जग बसलंय, त्यात माझी भर नको. मला आवडतात ती मधल्या आकाराची शहरं. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, क्लीव्हलँड, शार्लट वगैरे. ह्यांच्या डाउनटाऊनमधल्या, म्हणजे शहराच्या मधल्या ऑफिसांच्या भागातल्या, उंच बिल्डिंगा सगळ्या एका नजरेत मावतात, हायवेवरून जाता जाता दोन मिनिटांत बघून होतात, आणि त्याच रस्त्यानं परत परत गेलं की ओळखीच्या होतात, ही कुठली नि ती कुठली ते लांबूनच सांगता येतं. शिकागोला नुसती मान वळवत राहायचं आणि तेवढ्यात आपला एक्झिट गेलेला असतो.

आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसला, त्यामुळे आधी घरचंच सांगून टाकते. २०२० च्या जनगणनेत कोलंबसची लोकसंख्या ९ लाखांच्या वर, क्लीव्हलँड पावणेचार लाखांच्या आसपास, सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग तीन-सव्वातीन लाखांत. म्हणजे डोकी मोजून उंची वाटली असती तर आमचं डाउनटाऊन सगळ्यात भारी असायला हवं होतं. पण ते सगळ्यात बेताचं. एक लवीक टॉवर आहे १९२७ चा, तो खरंच देखणा आहे, ५५५ फूट, वॉशिंग्टन मॉन्युमेंटपेक्षा आपण किंचित उंच असं तेव्हा मिरवलं गेलं होतं. त्याच्या डोक्यावरून १९७० च्या दशकात स्टेट गव्हर्नमेंटचा एक टॉवर गेला, तो मात्र सरकारी कचेरी जशी दिसते तसाच दिसतो, त्याबद्दल आणखी काय लिहिणार. खरी गंमत अशी की कोलंबस वर वाढलंच नाही, आडवं वाढलं. १९५० च्या दशकात इथल्या महापौरांनी धोरणच ठेवलं, की शहराच्या पाण्याची नि ड्रेनेजची लाईन हवी असेल तर मुकाट्यानं शहरात सामील व्हा. आजूबाजूचे मळे, वस्त्या, सगळं आत आलं. आमचं घर नकाशावर कोलंबसमध्ये आहे आणि मागच्या अंगणातून मक्याचं शेत दिसतं!

आणि ह्याच्या बरोबर उलट क्लीव्हलँड. १९५० साली तिथे ९ लाखांवर लोक होते, आता निम्मेसुद्धा नाहीत. पण बिल्डिंगा कुठे जाणार? तिथला टर्मिनल टॉवर १९३० मध्ये समारंभानं खुला झाला, ७०८ फूट, रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर उभा केलेला, आणि १९६४ पर्यंत न्यूयॉर्क सोडलं तर अमेरिकेत त्याच्याहून उंच बिल्डिंग नव्हती. इनामं गेली, कुळं गेली, पण दिवाणखान्याचे सागवानी खांब अजून शाबूत आहेत अशा वाड्यासारखं मला ते डाउनटाऊन वाटतं. तर सांगायचं काय, की स्कायलाईन बघून आज तिथे किती माणसं राहतात ते कळत नाही, पैसा कधी होता आणि कुणाला मिरवायची हौस होती ते कळतं.

पण हे झालं डोक्यानं. डोळ्यांचं गणित वेगळंच, तिथे बिल्डिंगांपेक्षा रस्ता महत्त्वाचा. आपण शहरात शिरतो कुठून? इंडियानापोलिसला बिचाऱ्याला ८११ फुटांचा टॉवर आहे (त्यातले वरचे शंभरेक फूट नुसता अँटेना, असो), पण जमीन अशी सपाट की ते लांबूनच दिसायला लागतं आणि हळूहळू मोठं होत जातं, शेवटी जवळ येईपर्यंत त्यातला रस संपलेला असतो. सिनसिनाटी बघा. दक्षिणेकडून, म्हणजे केंटकीतून आय-७५ नं आलात तर हायवे टेकडी कापून खाली उतरतो आणि एका वळणावर समोर ओहायो नदी, पूल आणि पलीकडच्या काठाला ओळीनं उभं डाउनटाऊन. तिथला एअरपोर्टही केंटकीतच, त्यामुळे विमानानं आलेल्यालाही टॅक्सीतून हाच सीन. १९३० चा केरू टॉवर तिथे ऐंशी वर्षं सगळ्यात उंच होता, मग २०११ मध्ये ग्रेट अमेरिकन टॉवर आला, ६६५ फूट, त्याच्या डोक्यावर स्टीलचा मुकुट आहे आणि तो म्हणे प्रिन्सेस डायनाच्या टिआरावरून सुचला. शहराचं टोपणनाव क्वीन सिटी, म्हणून मुकुट. मला आधी ते जरा लग्नाच्या हॉलसारखं वाटायचं, आता रात्री दिवे लागलेले बघितले की म्हणते, ठीके, घातलाय तर शोभतोय. नदीवरचा जुना झुलता पूल १८६६ चा, रोब्लिंगचा, ज्यानं पुढे ब्रुकलिन ब्रिजचं डिझाईन केलं, आणि माझ्या मते त्या चित्रातली सगळ्यात सुंदर वस्तू तीच.

तरी पहिला नंबर पिट्सबर्गचाच, ह्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. आपली मंडळी पिट्सबर्गला जातात ती बहुतेक बालाजीला, पेन हिल्सचं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७६ चं आहे, आणि भारतातून कुणाचे आईवडील आले की मिडवेस्टमधल्या निम्म्या घरांची ही ट्रिप ठरलेली, दर्शन आणि मग कँटीनमधला चिंचेचा भात. पश्चिमेकडून जाताना शेवटपर्यंत शहर आहे ह्याचा पत्ताच लागत नाही, नुसत्या झाडीच्या टेकड्या. मग फोर्ट पिट टनेल लागतो. बाहेर पडता क्षणी आपण थेट पुलावर असतो, खाली मोनोंगहेला नदी, डावीकडे ती अलेगेनीला मिळते आणि तिथून पुढे ओहायो नदी सुरू होते, संगमावर मोठं कारंजं, आणि समोर अख्खं डाउनटाऊन अंगावर आल्यासारखं. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या सीटवर पेंगत होते, ते ताठ बसले. "अगं, हे कुठनं आलं एकदम? आत्ता तर नुसती झाडं होती!" नवरा काहीच बोलला नाही कारण त्या पुलावर ड्रायव्हरला बघायची सोयच नाही, लेन एकदम वाढतात आणि पूल संपायच्या आत योग्य लेनमध्ये नाही घुसलं तर भलतीकडेच जातो माणूस. परत येताना सासऱ्यांनी खिडकी पुसून तयारी करून ठेवली होती, पण परतीचा रस्ता त्याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून जातो आणि शहर पाठीमागे, त्यामुळे फक्त लोखंडी कैच्या दिसल्या.

आणि नुसता देखावा नाही, तिथे प्रत्येक कंपनीनं आपल्याच मालाची बिल्डिंग बांधलीय, हे मला फार आवडतं. अल्कोआ अ‍ॅल्युमिनियमवाले, त्यांनी १९५३ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बाहेरून लावून तीस मजली बिल्डिंग केली. पीपीजी काचवाले, त्यांनी १९८४ मध्ये जवळपास २० हजार काचा लावून चर्चच्या सुळक्यांसारखं काचेचं गॉथिक प्रकरण उभं केलं. आणि यूएस स्टीलनं ६४ मजली, ८४१ फुटी टॉवर बांधला तो मुद्दाम गंजणाऱ्या स्टीलचा, म्हणजे वरवरचा गंजाचा थरच आतल्या स्टीलला वाचवतो, रंग द्यायला नको. पहिली काही वर्षं पावसात तो गंज ओघळून खालच्या फुटपाथवर तांबडे डाग पडले. बाहेरचे खांब आतून पोकळ, त्यात पाणी आणि अँटीफ्रीझ भरलेलं, आग लागली तर तापू नयेत म्हणून. आता त्या टॉवरच्या कपाळावर अक्षरं कुणाची, तर यूपीएमसी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलवाल्यांची. शहराचं पोट कशावर चालतं ते खाली उतरून विचारायची गरजच नाही.

बँकांच्या शहरात हे आणखी उघड. शार्लटचा ८७१ फुटी टॉवर १९९२ चा, एका बँकेचा, तिचे तेव्हाचे प्रमुख ह्यू मॅकॉल, म्हणून लोकांनी त्याला नाव ठेवलं ताज मॅकॉल. कुचेष्टेनं असेल, पण ताजमहालाशी तुलना झाली ना! त्याचा आर्किटेक्ट सेझर पेली, आणि क्लीव्हलँडचा ९४७ फुटी ‘की’ (Key) बँकेचा टॉवरही त्याचाच, एक वर्ष आधीचा, दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात, तशीच वर निमुळती होत गेलेली. पुढे क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवरही ह्याच माणसानं केले. क्लीव्हलँडच्या टॉवरवरचं मूळ नाव दुसऱ्याच बँकेचं होतं, ती विलीन झाली आणि पाटी बदलली.

गाडीतून उतरून आत मात्र जपून जावं. रविवारी संध्याकाळी ह्यातल्या बऱ्याच डाउनटाऊनमध्ये चहाला दुकान उघडं मिळत नाही, आणि लांबून जे गच्च दिसत होतं त्याच्या मधोमध पार्किंग लॉट पसरलेले असतात. आता ऑफिसं ओस पडल्यामुळे जुन्या टॉवरांत अपार्टमेंट करताहेत, टर्मिनल टॉवरमध्ये काही मजल्यांवर लोक राहायला आलेतही, तेव्हा चहाची सोय होईल कदाचित.

नायगाराहून परतताना आय-९० धरली असेल तर क्लीव्हलँडजवळ जीपीएस तुम्हाला आय-२७१ हायवेनं शहराच्या बाहेरून काढायला बघेल, त्याचं ऐकू नका. सरळ या. उजवीकडे लेक इरी, पाण्यालगतची छोटी विमानं, समोर की टॉवर, आणि मग डेड मॅन्स कर्व्ह, हायवे जवळजवळ काटकोनात वळतो, पाटीवर ३५ चा स्पीड, सगळ्यांना ब्रेक मारावाच लागतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाला आयता वेळ मिळतो. त्याच्या आधीच्या रेस्ट एरियातच मी किल्ली नवऱ्याकडे देते.